काचेच्या पेटीतला जिवंत दगड

ज्या शाळेत एकदा तरी मत्स्यपेटी बसवली गेली आहे, तिथल्या शिक्षकांना पुढचा प्रसंग नवा वाटणार नाही. नवी कोरी पेटी येते. वाळू आणि गोटे चांगले उकळत्या पाण्याने धुतले जातात. नितळ पाण्यात चार-सहा मासे सोडले जातात आणि मुलांची झुंबड उडते. पहिला आठवडा आनंदात जातो. दुसऱ्या आठवड्यात मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, आणि मग एकेक करून उलटे तरंगतात. आमच्या बाबतीत असे घडले तेव्हा स्वच्छता कमी पडली असे समजून आम्ही पेटी पुन्हा घासूनपुसून लख्ख केली, वाळू पुन्हा उकळली आणि नवे मासे आणले. तेही गेले. पेटीत काहीतरी जास्त झाले म्हणून नव्हे, तर काहीतरी नव्हते म्हणून मासे मरत होते, हे कळायला आम्हांला बराच वेळ लागला.

जे नव्हते ते डोळ्यांना दिसणारे नव्हतेच. ते होते जीवाणू. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. तो विषारी असतो. वाळूच्या कणांवर आणि दगडांच्या पृष्ठभागावर वस्ती करणारे काही जीवाणू त्याचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात, दुसरे काही त्या नायट्राइटपासून नायट्रेट बनवतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी. ही वस्ती बसायला काही आठवडे लागतात. आम्ही दर वेळी ती उकळत्या पाण्याने मारत होतो.

गोड्या पाण्याची ही कथा. खाऱ्या पाण्यात, त्यातही प्रवाळ आणि समुद्रफुले पाळायची असतील तर, हे सारे कितीतरी अवघड होते, कारण ते जीव थोड्याशा नायट्रेटनेही बेजार होतात. तरीही आज युरोप-अमेरिकेत आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही घराच्या दिवाणखान्यात प्रवाळांची छोटी बाग फुलवणारे हौशी लोक आहेत. त्यांना हे शक्य झाले ते मुख्यतः एका वस्तूमुळे. इंग्रजीत तिला 'लाइव्ह रॉक' म्हणतात. आपण जिवंत दगड म्हणू. दगड अर्थातच जिवंत नसतो. मेलेल्या प्रवाळांचे चुन्याचे सांगाडे एकमेकांना जखडून तयार झालेला तो एक सच्छिद्र तुकडा असतो. पण त्याच्या वर, आत आणि भोकाभोकांत जे राहते ते जिवंत असते: जांभळट गुलाबी रंगाचा थर देणारे चुनायुक्त शैवाल, स्पंज, कृमी, बारीक खेकडे, शिंपले आणि अगणित जीवाणू. असा दगड समुद्रातून काढून आणून पेटीत ठेवला की समुद्राचा एक तुकडाच घरी आला.

मात्र हा तुकडा कोणाच्या तरी समुद्रातून येतो. तो आणण्याची कल्पना कशी निघाली, कशी फोफावली आणि कुठे थांबवावी लागली, याचा इतिहास चांगला पावणेदोनशे वर्षांचा आहे.

त्याची सुरुवात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमध्ये होते. १८४६ मध्ये अॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. इंग्लंडच्या थंड समुद्रात एकेकटे वाढणारे कठीण प्रवाळ असतात, त्यांतले हे. लंडनला समुद्र नाही. पाणी तर बदलायला हवे. मग बाईंनी तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून त्यात हवा मिसळण्याची युक्ती काढली. प्रत्यक्षात ते ओतण्याचे काम घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास करीत असे. विज्ञानाच्या इतिहासात या मोलकरणीचे नाव कुठे आढळत नाही. पुढे बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या आणि प्रवाळ कित्येक महिने जगले, त्यांना पिल्लेही झाली.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ एका वेगळ्या प्रश्नावर काम करीत होता. १८४९ मध्ये त्याने सुमारे बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिसनेरियाचे रोप ठेवले. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती प्राणवायू देईल, आणि पाणी न बदलता दोघेही जगतील असा त्याचा हिशेब. झाडाची कुजकी पाने पाणी बिघडवू लागली, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग फस्त केला आणि पाणी स्वच्छ राहिले. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडले. प्राणी आणि वनस्पती यांच्यातला हा 'समतोल' पुढे शंभर वर्षे मत्स्यपेटीच्या प्रत्येक पुस्तकात येत राहिला. आपल्या पाठ्यपुस्तकांतही तो आहे.

या हिशेबात एक मोठी फट होती. वायूंची देवघेव जमली, पण अमोनियाचे काय? गोगलगायीने पान खाल्ले म्हणजे पानातला नायट्रोजन नाहीसा होत नाही, तिच्या उत्सर्जनातून तो पाण्यातच येतो. वॉरिंग्टनचे मासे जगले त्यात रोपाने शोषलेल्या नायट्रोजनाचा वाटा होता, तसाच त्याला न दिसलेल्या जीवाणूंचाही होता. गंमत अशी, की या फटीचे उत्तर शोधणाऱ्यांत त्याचा स्वतःचा मुलगा होता! त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत तो मातीतल्या नायट्रेटवर काम करीत असे. अमोनियापासून नायट्रेट बनवण्याचे काम सजीव करतात हे फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये दाखवले होते. धाकट्या वॉरिंग्टनने हे काम दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्प्यांचे कामकरी वेगळे असतात, हे चिकाटीने सिद्ध केले. पण ते जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्याला जमले नाही. ते झुरिकमध्ये विनोग्राड्स्कीने १८९० मध्ये केले. बापाच्या काचेच्या भांड्यातले कोडे मुलाने शेतातल्या मातीत बरेचसे सोडवले. पण मत्स्यपेटीवाल्यांपर्यंत हे ज्ञान पोचायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. शेतीची नियतकालिके आणि मत्स्यपेटीची नियतकालिके वाचणारे लोक वेगळे होते, एवढेच त्याचे कारण असावे.

इकडे समुद्रकिनाऱ्यावर मात्र धमाल उडाली होती. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक लिहिले आणि हा शब्द घरोघरी पोचला. त्याआधीच्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले होते. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठल्यामुळे काच स्वस्त झाली होती आणि रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. गॉसच्या सूचना अगदी व्यवहारी असत. समुद्री शैवालाला मुळे नसतात, ते खडकाला नुसते चिकटलेले असते, म्हणून ते उपटून आणले तर जगत नाही. तेव्हा हातोडा आणि छिन्नी घेऊन जावे आणि ज्या खडकाला ते चिकटले आहे त्याचा कपचाच काढून आणावा. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही सूचना महत्त्वाची आहे. पेटीत जीव जगवायचा तर त्याच्या बुडाचा दगडही हवा, हे गॉसने अनुभवावरून ओळखले होते. त्या दगडाबरोबर पेटीत आणखी काय येते, हे तो ओळखू शकत नव्हता.

पुस्तक खपले, आणि सुट्टीला किनाऱ्यावर जाणारी हजारो माणसे छिन्नी-हातोडे घेऊन निघाली. काही वर्षांत डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांमधली डबकी उजाड झाली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींत याची खंत आहे. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली ती समुद्रफुलांनी भरलेली डबकी पुन्हा कोणाला दिसणार नाहीत, आणि या लुटीला आपल्या वडिलांची पुस्तकेच कारणीभूत झाली याचे त्यांना फार दुःख होते, असे तो सांगतो. एखाद्या विज्ञानप्रसारकाच्या वाट्याला यावा असा हा अनुभव नाही. लोकांना निसर्गाची गोडी लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी गॉसची ही गोष्ट अधूनमधून आठवावी, असे आम्हांला वाटते.

ही लाट पुढे ओसरली. बहुतेकांच्या पेट्यांतले जीव मेले, पाणी नासले, आणि हौस संपली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात खाऱ्या पाण्याची पेटी हा थोड्यांचाच उद्योग राहिला. त्या काळच्या पेट्यांतले प्रवाळ म्हणजे उकळून, रसायनात बुडवून पांढरेफेक केलेले सांगाडे. आमच्या शाळेतल्या वाळूसारखेच!

मग १९६१ मध्ये अमेरिकेतल्या 'ट्रॉपिकल फिश हॉबिइस्ट' या मासिकात ली चिन एंग नावाच्या गृहस्थांचा लेख आला. ते जाकार्ताचे राहणारे. त्यांच्या पेटीत गाळण्या नव्हत्या. समुद्राचे पाणी, हवेचे मंद बुडबुडे, उजेड, आणि प्रवाळभित्तीवरून आणलेले जिवंत दगड, एवढ्यावर त्यांचे मासे, समुद्रफुले आणि प्रवाळ नीट जगत होते. पाश्चात्त्य वाचकांपैकी अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. ज्यांचा बसला त्यांनाही ते सहज साधले नाही, कारण एंग यांचा दगड काही तासांत समुद्रातून पेटीत येत असे आणि न्यूयॉर्कला पोचेपर्यंत त्यावरचे निम्मे जीव मरून कुजत. विज्ञानातली एखादी गोष्ट तिच्या जागेपासून उचलून दुसरीकडे नेली की चालत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

यातून वाट काढली ती जर्मनांनी. १९७० आणि १९८० च्या दशकांत बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगड, प्रखर दिवे आणि 'प्रोटीन स्किमर' यांची सांगड घातली. स्किमर हे साधे पण कल्पक उपकरण आहे. पाण्यातून बारीक बुडबुड्यांचा लोट सोडला की विरघळलेली सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते, तो फेस वेगळा काढून टाकायचा. समुद्रकिनाऱ्यावर वादळानंतर साचणारा पिवळट फेस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच समजेल. घाण कुजण्याआधीच काढली, तर उरलेले काम दगड करतो.

दगड हे काम कसे करतो? त्याच्या बाहेरच्या भागात प्राणवायू भरपूर असतो, तिथे अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जीवाणू राहतात. दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी आत झिरपते, पण जसजसे आत जावे तसतसा प्राणवायू वाटेतच संपतो. तिथे दुसऱ्या जातीचे जीवाणू असतात. श्वसनाला मोकळा प्राणवायू मिळत नाही म्हणून ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि मागे उरलेला नायट्रोजन वायूच्या रूपात पाण्याबाहेर निघून जातो. म्हणजे मुठीएवढ्या दगडात, बोटभर अंतरात, निसर्गातल्या नायट्रोजनचक्राचा मोठा भाग पुरा होतो. फळ्यावर हे चक्र बाणांनी काढताना आपण ते आकाशापासून जमिनीपर्यंत पसरवतो. ते एवढ्याशा जागेतही मावते, हे मुलांना जरूर सांगावे.

जाता जाता पाठ्यपुस्तकांविषयी एक. नायट्राइटचे नायट्रेट करणारा म्हणून सर्वत्र 'नायट्रोबॅक्टर'चे नाव दिले जाते. मत्स्यपेट्यांमध्ये हे काम प्रामुख्याने 'नायट्रोस्पिरा' गटातले जीवाणू करतात, असे १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले. आणि २००५ मध्ये सिअॅटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या समुद्री टाकीच्या खडीतून अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला. तो जीवाणूच नव्हता, आर्किया या निराळ्या कुळातला होता. 'नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस' असे त्याचे नाव. पुढे त्याचे भाऊबंद समुद्रात सर्वत्र विपुल सापडले. वॉरिंग्टनच्या भांड्यापासून सुरू झालेली गोष्ट अशी पुन्हा एका काचेच्या पेटीत येऊन पोचली.

बर्लिनची पद्धत आणि तिच्यासारख्या आणखी काही पद्धती १९८६ च्या सुमारास अमेरिकी मासिकांतून गाजल्या. आता प्रत्येकाला घरात 'छोटी प्रवाळभित्ती' हवी होती. दर गॅलन पाण्याला एक ते दोन पौंड दगड असा ठोकताळा रूढ झाला. शंभर गॅलनची पेटी म्हणजे पंचेचाळीस ते नव्वद किलो दगड. हे कुठून आणायचे? अमेरिकेत जवळची जागा म्हणजे फ्लोरिडा. पाणबुडे तळाशी जाऊन सुटे दगड उचलत, सुटे नसतील तिथे छिन्नीने फोडत. आम्ही फक्त मेलेल्या प्रवाळांचा चुरा उचलतो, जिवंत प्रवाळाला हात लावत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. पण चुऱ्याचा दगड हेच लहान माशांचे, शेवंड्यांच्या पिल्लांचे घर आणि नव्या प्रवाळाला बसण्याची जागा असते. शिवाय प्रवाळभित्तीची वाढ वर्षाला काही मिलिमीटर इतकीच होते. पहारीच्या एका घावाने निघणारा तुकडा जमायला किती काळ लागला असेल, याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे.

फ्लोरिडा राज्याने १९८९ मध्ये आपल्या हद्दीतल्या समुद्रातून दगड काढण्यास बंदी केली. धंदा हद्दीपलीकडे, केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या पाण्यात सरकला. मग तिथेही १९९४ मध्ये नियम आले आणि नैसर्गिक दगड काढणे अटलांटिकच्या बाजूला १९९६ पासून, मेक्सिकोच्या आखातात १९९७ पासून पूर्ण बंद झाले. मात्र या नियमांत एक शहाणपणाची तरतूद होती. परवाना घेऊन समुद्राच्या ठरावीक तुकड्यावर जमिनीवरच्या खाणीतला चुनखडीचा दगड नेऊन टाकायचा, त्यावर जीव वसू द्यायचे, आणि मग तोच काढून विकायचा. अट एकच, हा दगड तिथल्या नैसर्गिक दगडाहून वेगळा ओळखू आला पाहिजे. कालपर्यंत दगड फोडणाऱ्यांपैकीच काही जण आता दगडांची शेती करू लागले. गिऱ्हाइकाला हवा होता तो दगड नव्हेच, तर त्यावरची वस्ती, आणि ती वस्ती आपण होऊन येते, फक्त थांबावे लागते. हे उमगल्यावर तो धंदाच बदलला.

तोपर्यंत मागणीचा ओघ पॅसिफिककडे वळला होता. फिजी बेटे हा जिवंत दगडाचा सर्वांत मोठा पुरवठादार बनला आणि अमेरिका सर्वांत मोठा ग्राहक. तिथे प्रवाळभित्तीवरच्या मासेमारीचे हक्क परंपरेने गावागावांकडे असतात, त्याला 'कोलीकोली' म्हणतात. ओहोटीच्या वेळी गावकरी उथळ पाण्यात उतरून लोखंडी पहारींनी दगड सुटा करीत, किनाऱ्याला आणीत, आणि व्यापारी तो वजनावर विकत घेत. मग दगडावर खाऱ्या पाण्याचा फवारा मारून तो ओलसर ठेवायचा, ओल्या कागदात गुंडाळून खोक्यात भरायचा आणि विमानात चढवायचा. पोचल्यावर त्याला काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे लागे, कारण वाटेत मेलेल्या जीवांचा कुजका वास आणि अमोनिया निघून जायला तेवढा अवधी लागतो. कधी त्यातून नको असलेले पाहुणेही निघत. एखाद्या भोकात दडून आलेला मँटिस झिंगा महिनोन्महिने रोज रात्री एकेक मासा गट्ट करी आणि मालकाला चोर कोण ते कळत नसे.

फिजीच्या गावकऱ्याच्या दृष्टीने ही रोख कमाई होती, आणि ती देणारी दुसरी साधने फारशी नव्हती. त्याला दोष देणे सोपे आहे. पण पेटी त्याच्या घरात नव्हती. दुसरीकडे, ज्या भित्तीवरून दगड निघत होता तीच भित्ती वादळी लाटांपासून त्याच्या गावाचे रक्षण करीत होती. हा पेच खराखुरा होता.

आंतरराष्ट्रीय कायद्यालाही हा दगड अडचणीचा ठरला. कठीण प्रवाळांचा व्यापार 'साइट्स' करारानुसार नियंत्रित आहे, पण झिजलेल्या दगडातला प्रवाळ कोणत्या जातीचा हे कोण ओळखणार? म्हणून जातीचे नाव न लिहिता, केवळ 'कठीण प्रवाळ' या गणाच्या नावाखाली त्याची नोंद होऊ लागली. २००० च्या सुमारास व्याख्याही ठरल्या: तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा तुकडा म्हणजे प्रवाळ-दगड, आणि ज्यावर इतर जीव आहेत व जो पाण्यात न बुडवता ओलसर नेला जातो तो जिवंत दगड. वाळू आणि बारीक चुरा कराराच्या बाहेर. २०१८ च्या सुरुवातीस फिजी सरकारने प्रवाळ आणि जिवंत दगड यांची निर्यात थांबवली.

आपल्याकडे जिवंत दगडाचा एवढा मोठा धंदा झाला नाही, पण प्रवाळ-दगड फोडणे आपल्याला अपरिचित नाही. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि सिमेंटसाठी अनेक दशके प्रवाळ काढले गेले. तिथल्या एकवीस बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली आणि त्याला ही फोड बरीच कारणीभूत मानली जाते. २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसले. मेलेला सांगाडाही त्यातून सुटत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही प्रवाळ आहेत आणि मालवणचे ते सागरी अभयारण्य १९८७ चे आहे. सहलीला गेलेल्या मुलांनी तिथला छिद्राछिद्रांचा पांढरा दगड आठवण म्हणून दप्तरात टाकू नये, हे शिक्षकांनी बस सुटण्याआधीच सांगितलेले बरे.

वर्गात प्रयोगच करायचा असेल तर प्रवाळाची गरज नाही. दोन बरण्या घ्याव्यात. एकीत उकळून धुतलेले विटांचे तुकडे, दुसरीत जुन्या, चालू मत्स्यपेटीतून काढलेले, न धुतलेले तुकडे. दोन्हींत क्लोरीन उडून गेलेले सारखेच पाणी, आणि चिमूटभर माशांचे खाद्य. मासे मात्र घालू नयेत. हवेचा पंप दोन्हींना लावावा. मत्स्यपेटीच्या दुकानात अमोनिया मोजण्याचे थेंब मिळतात. त्यांनी दोन-तीन दिवसांनी एकदा पाणी तपासून महिनाभर नोंदी ठेवाव्यात. पहिल्या बरणीत अमोनिया आधी चढतो आणि काही आठवड्यांनी उतरू लागतो. दुसरीत तो सहसा फारसा चढतच नाही. आमच्या दोन खेपा मेलेले मासे या दोन आलेखांच्या मधल्या जागेत आहेत.

आज बाजारात मिळणारा दगड बहुधा कोरडा असतो, खाणीतून काढलेला जुन्या प्रवाळभित्तीचा किंवा सिमेंटचा बनवलेला. त्यावर बाटलीतले जीवाणू ओततात. काम होते, पण सावकाश, आणि बाटलीत स्पंज व कृमी येत नाहीत. म्हणून नवी पेटी मांडणारा माणूस आधी ओळखीत कोणाची जुनी पेटी आहे का ते पाहतो आणि तिच्यातला एखादा तुकडा मागून आणतो. दही लावायला शेजारून विरजण आणावे, तसा. असा एखादा तुकडा वर्षानुवर्षे एका घरातून दुसऱ्या घरात जात राहतो, आणि मूळचा तो कुठल्या किनाऱ्यावरचा, हे त्याच्या आताच्या मालकाला ठाऊकही नसते.